सकाळी न मिटणारी मूठ

आज १२ ऑक्टोबर, जागतिक संधिवात दिन. दिवाळीची तयारी सुरू होईल, चकलीचा सोऱ्या निघेल, आणि एखाद्या घरात चाळिशीतली बाई तो मुकाट्याने मुलीच्या हाती देईल. बोटांत जोर उरलेला नाही, हे ती सांगणार नाही. विचारलेच तर म्हणेल, ‘वात आहे, चालायचंच.’

या ‘चालायचंच’ने आपल्याकडे फार हात वाकडे केले आहेत. वात हा काही एकच आजार नव्हे. साठीनंतरचा गुडघा दुखतो तो बहुधा झिजेने. हाडाच्या टोकावरची गुळगुळीत कूर्चा विरते, आणि तिला रक्तवाहिन्याच नसल्याने ती पुरती भरून येत नाही. तिथे मांडीचे स्नायू बळकट करणारा व्यायाम आणि आटोक्यातले वजन यांना पर्याय नाही. सांधेरोपण शेवटची पायरी; २०१७ मध्ये केंद्राने कृत्रिम गुडघ्याच्या किमतीवर मर्यादा घातली, तेव्हा ती थोडी तरी आवाक्यात आली. पायाचा अंगठा मध्यरात्री लालबुंद होऊन चादरही सोसवत नसेल, तर संशय युरिक ॲसिडचा.

आमवाताचे, म्हणजे रुमॅटॉइड आर्थ्रायटिसचे, तसे नाही. शरीराची रोगप्रतिकारशक्तीच सांध्याच्या अस्तरावर उलटते. तो म्हातारपणाची वाट पाहत नाही, आणि पुरुषांपेक्षा बायकांना अधिक गाठतो. झिजलेला गुडघा उठून चार पावले टाकली की बहुधा अर्ध्या तासाच्या आत मोकळा होतो. आमवातात सकाळी मूठ मिटत नाही, आणि तासभर मिटत नाही. दोन्ही हातांच्या बोटांची पेरे सुजतात. धुणे पिळता येत नाही, कालपर्यंत सैल असलेली अंगठी निघत नाही. असे काही आठवडे चालले, तर रक्ततपासणी ‘नॉर्मल’ आली म्हणूनही निश्चिंत राहू नये.

कारण इथे वेळ हेच औषध आहे. सांध्याचे हाड खाल्ले जाण्याआधी उपचार सुरू झाले, तर बोटे वाचतात. एकदा वाकडी झालेली बोटे गोळीने सरळ होत नाहीत. संधिवाततज्ज्ञ मात्र मोठ्या शहरांत एकवटलेले. म्हणून तालुक्याच्या डॉक्टरांनी वेदनाशामक लिहिण्याआधी ती पेरे एकदा दाबून पाहावीत आणि वेळेत पुढे पाठवावे, एवढी आमची कळकळीची विनंती आहे. नाहीतर रुग्ण बिननावाच्या पुड्यांकडे वळतो. त्यांत अनेकदा स्टेरॉइड दडवलेले असते: दोन दिवसांत आराम, आणि पुढे सुजलेला चेहरा, वाढलेली साखर, ठिसूळ हाडे.

या आजारात बहुधा आधी दिले जाणारे मेथोट्रेक्झेट जुने आणि स्वस्त आहे. ते आठवड्यातून एकदाच घ्यायचे. चुकून रोज घेतले तर जिवावर बेतते. मूल हवे असेल तर ते डॉक्टरांना आधीच सांगावे लागते, आणि ठरावीक काळाने रक्त तपासावे लागते. भिंतीवरच्या दिनदर्शिकेत दुधाचा हिशेब लिहिला जातो, त्याच चौकटींत दर रविवारी गोळीची एक खूण करायची. ती खूण घरातल्या दुसऱ्या कुणीतरी केली, तर अधिक बरे.