मेरिटवाल्यांनो, काकींना किती गुण देता?

'मेरिट' हा शब्द ऐकला की आपल्या लोकांचे डोळे कसे चमकतात बघा. पूर्वी बोर्डाची मेरिट लिस्ट लागायची, पेढा भरवतानाचा फोटो पेपरात यायचा, तेव्हापासूनची सवय असावी. त्यामुळे अमेरिकेत कुणी 'मेरिटवर आधारित इमिग्रेशन' असं म्हणालं की तिकडचे आपले लोक आधी टाळ्या वाजवतात आणि मग कायदा वाचतात. बरेचसे वाचतही नाहीत. फेब्रुवारी 2018 मध्ये तर व्हाइट हाउससमोर भारतीयांनी याच मागणीसाठी मोर्चाही काढला होता.

आमचा न्यू जर्सीचा दादा (चुलतभाऊ, पण सख्ख्यासारखाच) या टाळ्या वाजवणाऱ्यांतला. 'आम्ही मेरिटवर आलो, कुणाचा हात धरून नाही आलो. बाकीच्यांनीही तसंच यावं.' हे त्याचं ठरलेलं वाक्य. फोनवर वाद घातला की काकी मध्ये पडतात आणि विषय हवापाण्यावर जातो. दादा हे वाचणार हे मला माहीत आहे. म्हणून तर लिहितेय :-)

आधी ते मेरिट म्हणजे काय ते बघू. 2017 साली कॉटन आणि पर्ड्यू या दोन सिनेटरांनी 'रेझ ॲक्ट' नावाचं विधेयक आणलं होतं आणि ऑगस्टमध्ये ट्रम्पसाहेबांनी त्याला जाहीर पाठिंबा दिला. त्यात ग्रीन कार्डासाठी एक कोष्टक होतं. वय 26 ते 30 असेल तर 10 गुण. परदेशातली नुसती शाळा शिकलेला असेल तर 1 गुण. इंग्रजीचे जास्तीत जास्त 12. अठरा लाख डॉलर गुंतवलेत तर 12. ऑलिंपिक पदक 15, नोबेल 25. अर्ज करायलाच किमान 30 गुण लागणार. (म्हणजे नुसत्या नोबेलवर पास नाही, बाकीचे पेपर द्यावेच लागतील!) आणि याच विधेयकात आईवडील, भाऊबहीण, सज्ञान मुलं यांना बोलावून घेण्याचे रस्ते बंद करायचे होते. आईवडिलांना फक्त तात्पुरत्या मुदतीचा व्हिसा. कुटुंबाने कुटुंबाला बोलावण्याला तिकडे एक तुच्छतेचं नाव पडलंय, 'चेन मायग्रेशन'. साखळी. ते विधेयक पास झालं नाही, पण ती कल्पना काही मेली नाही.

आता हे कोष्टक आपण आपल्याच घराला लावून बघू.

माझं माहेर खानापूर तालुक्यातलं, विट्याजवळचं. बाहेरच्या वाचकांसाठी सांगते, सांगली जिल्ह्यातले खानापूर, आटपाडी, कवठेमहांकाळ आणि साताऱ्यातले माण, खटाव हा सगळा दुष्काळी टापू. एका बाजूला कृष्णाकाठचा ऊस आणि दुसऱ्या बाजूला आमची कुसळं. या टापूतल्या माणसांनी जगायला एक धंदा शोधला, गलाई. सोनं-चांदी गाळून शुद्ध करायची. काश्मीरपासून केरळपर्यंत कुठल्याही शहराच्या सराफ कट्ट्यात जा, मागच्या बोळात एखादं मराठी बोलणारं दुकान सापडतंच. बहुतेक वेळा ते विट्याकडचं असतं.

आमचे थोरले चुलते, तात्या, 1972 च्या दुष्काळानंतर त्रिशूरला गेले. वय 19, शिक्षण सातवी. नेलं कुणी? शेजारच्या गावच्या एका शेठनी. शेठना नेलं होतं त्यांच्या मेव्हण्यांनी. तात्यांना मल्याळमचा एक शब्द येत नव्हता, इंग्रजीचं तर नावच नको. कोष्टकात त्यांना वयाचे 6 गुण मिळतात आणि बाकी सगळीकडे भोपळा. तीसपैकी सहा.

आणि काम काय तर पहिली दोन वर्षं भट्टीसमोर बसायचं, दुकानातली धूळ झाडून गोळा करायची (त्या धुळीतही सोनं असतं), रात्री तिथेच फरशीवर झोपायचं. जुन्या सोन्यात चांदी मिसळून वितळवायचं, मग नायट्रिक ॲसिडमध्ये उकळायचं. चांदी-तांबं विरघळून जातं, सोनं खाली राहतं. ते धुऊन टाकणखार घालून पुन्हा मुशीत. ॲसिडचा पिवळट-तांबूस धूर छातीत जायचा तो जायचाच. तात्या पुढे आयुष्यभर खोकत होते. पाचेक वर्षांत मात्र ते मल्याळममध्ये भांडायला शिकले, मग स्वतःचं दुकान काढलं, आणि मग आमच्या गावातली एकेक करून चौदा पोरं त्यांनी तिकडे नेली. साखळीच ही. अगदी अस्सल.

आता मेरिटवाले विचारतील, गावातलीच पोरं का? त्रिशूरमध्ये पोरं नव्हती? होती की. पण या धंद्यात पहिली पात्रता कुठली, तर दुसऱ्याचं किलो-अर्धा किलो सोनं हातात असताना पळून न जाणं. याचं सर्टिफिकेट कुठलं विद्यापीठ देतं? हा पोरगा कुणाचा, त्याचा बाप कसा, आजाने उसनं घेतलेलं परत दिलं होतं का, हे गावाला माहीत असतं. पोरगा चुकला तर घरच्यांना यात्रेत तोंड दाखवता येत नाही, हेही त्याला माहीत असतं. नात्याने, ओळखीने नेणं हे मेरिटच्या विरुद्ध आहे असं जे धरून चालतात त्यांनी कधी सोन्याचं दुकान चालवलेलं नाही. कागदावर न येणारा एक गुण तपासण्याची ही जुनी पद्धत आहे, आणि त्यात जामीन राहणारा स्वतः समोर उभा असतो. कोष्टकाला जामीन कोण राहतो?

सासर साताऱ्याचं, पाटण तालुक्यातलं. तिथली साखळी निराळी. तिथली माणसं मुंबईला गेली, गिरणीत नाहीतर मशीद बंदरला पाठीवर पोती वाहायला. आमचे मामंजी माथाडी होते. त्यांना टोळीत घेतलं ते त्यांच्या चुलत्यांनी. पाटण तालुक्यातल्याच अण्णासाहेब पाटलांनी या हमालांना एकत्र केलं आणि 1969 साली माथाडी कायदा आला, त्याने भविष्य निर्वाह निधी, सुट्टी, दवाखाना या गोष्टी पोती वाहणाऱ्याच्या वाट्याला आल्या. ज्यांच्या पाठीवरून मुंबईचं धान्य पन्नास-साठ वर्षं गेलं, त्यांतल्या एकालाही कुठल्या कोष्टकाने दारात उभं केलं नसतं.

(आणि आम्ही बायका? आम्ही तर सगळ्याच चेन मायग्रेशनवाल्या! लग्न लावून विट्याहून पाटणला आले तेव्हा माझं मेरिट कुणी काढलं नव्हतं. थोडं काढलं होतं म्हणा, भाकरी थापता येते का म्हणून.)

साखळीत दोष नाहीत असं नाही. ती आपल्याच गावाची, आपल्याच भावकीची पोरं ओढते, बाहेरच्याला आत येऊ देत नाही. गलाईच्या दुकानात बाईमाणूस मी कधी भट्टीसमोर बसलेलं पाहिलं नाही. हे दोष आहेत आणि ते बोलायलाच हवेत. पण त्यावर उपाय म्हणून आणलेलं कोष्टक काय करतं, तर साखळी तोडत नाही, फक्त तिचं पहिलं टोक दिसेनासं करतं.

कसं ते आता दादाचंच उदाहरण घेऊन सांगते. (दादा, रागावू नकोस.) तो 1998 साली एच-वन-बीवर गेला, 23 वर्षांचा. सांगलीकडची बी.ई. ते रेझवालं कोष्टक त्याला त्या दिवशी लावू. वयाचे 8. परदेशातल्या पदवीचे 5. इंग्रजीचे पैकीच्या पैकी 12 देऊन टाकू, लहान भावंडांशी तो इंग्रजीतच भांडायचा. झाले 25. नापास! उरलेले पाच हवेत तर पगार त्या राज्यातल्या मधल्या घराच्या उत्पन्नाच्या दीडपट पाहिजे होता, आणि पहिल्या वर्षी एका खोलीत चौघं राहून तो काय कमवत होता ते आम्हाला पत्रातून कळायचं. कोष्टक ग्रीन कार्डासाठी होतं, एच-वन-बीसाठी नव्हतं, हे मान्य. पण 'आम्ही मेरिटवर आलो' म्हणताना कुठलं मेरिट, हे तरी बघावं.

बरं, ती बी.ई. आली कुठून? फी त्रिशूरच्या भट्टीतून आली. आणि कॉलेज? 1983 साली मुख्यमंत्री असताना वसंतदादा पाटलांनी विनाअनुदानित इंजिनिअरिंग कॉलेजांना परवानगी दिली, म्हणून सरकारी कॉलेजात नंबर न लागलेल्या हजारो पोरांना इंजिनिअर होता आलं. त्यातलीच पोरं नव्वदीनंतर विमानात बसली. पद्माळ्याच्या वसंतदादांचं स्वतःचं शिक्षण शाळेपुरतंच होतं. म्हणजे सातवी झालेल्या चुलत्याने फी भरली, फारसं न शिकलेल्या मुख्यमंत्र्याने कॉलेजं उघडली, आणि मेरिट कुणाचं? दादाचं! त्याने अभ्यास केला, रात्री जागला, हे खरंच. पण कोष्टकात शेवटच्या माणसाचे मार्क दिसतात, त्याच्या मागच्यांचे नाही.

ज्यांनी अशी कोष्टकं प्रत्यक्षात लावली त्यांचं काय झालं? कॅनडाने 1967 पासून गुण मोजले. तिथे डॉक्टर, इंजिनिअर म्हणून गुण मिळवून आलेली माणसं टॅक्सी चालवताना दिसू लागली, कारण दार उघडणाऱ्याने पदवी मोजली आणि आतल्या लोकांनी ती मानली नाही. ब्रिटनने 2021 मध्ये पॉइंट्सची नवी पद्धत आणली. वर्षभरात म्हाताऱ्या माणसांना उठवायला, आंघोळ घालायला हातच मिळेनात. फेब्रुवारी 2022 मध्ये त्या कामासाठी व्हिसा उघडावा लागला. लाखभराहून जास्त माणसं आली, म्हातारी सांभाळली, आणि जुलै 2025 मध्ये परदेशातून अशी माणसं घेणं बंद. समाजाला लागणारं काम आणि समाजाला आवडणारं मेरिट या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, एवढं ज्याला हॉस्पिटलात एक रात्र काढल्यावर कळतं ते कायदे करणाऱ्यांना का कळत नसावं?

आणि मेरिट शेवटी जाऊन पोचतं कुठे, तेही दिसलंच. सप्टेंबर 2025 मध्ये ट्रम्प सरकारने नव्या एच-वन-बी अर्जाला एक लाख डॉलर लावण्याचा हुकूम काढला. त्याच महिन्यात 'गोल्ड कार्ड'. दहा लाख डॉलर भरा आणि या! डिसेंबर 2025 मध्ये एच-वन-बीच्या सोडतीचा नियम बदलला: सर्वांत वरच्या पगाराच्या पातळीला चार चिठ्ठ्या, सर्वांत खालच्या पातळीला एक. नुकता पास झालेला पोरगा म्हणजे एक चिठ्ठी. 1998 चा दादा म्हणजे एक चिठ्ठी. गोल्ड कार्डचं नाव ऐकून तात्या हसले असते. सोन्याचा मुलामा कसोटीला घासला की काय होतं ते त्यांना पाठ होतं.

हे सगळं अमेरिकेचं झालं म्हणून इथल्या नातेवाइकांनी खुशाल बसू नये. तात्यांना त्रिशूरमध्ये कुणी अडवू शकलं नाही, कारण घटनेच्या एकोणिसाव्या कलमाने कुठेही जायचा आणि राहायचा हक्क दिला होता. हरियाणाने खासगी नोकऱ्यांत 75 टक्के स्थानिकांचा कायदा केला, तो 2023 मध्ये हायकोर्टाने रद्द केला. तसा कायदा उद्या प्रत्येक राज्याने केला तर आमच्या टापूतली अर्धी घरं संध्याकाळच्या गाडीने परत येतील. तरी विट्याच्या स्टँडवर बिहारच्या पोरांना बघून नाकं मुरडणारे गलाईवाल्यांचेच नातू मी पाहिलेत. असो, तो वेगळ्या लेखाचा विषय.

दादाची एक तक्रार मात्र शंभर टक्के खरी आहे, ती मी खोडणार नाही. कुठल्याही एका देशाला नोकरीवरच्या ग्रीन कार्डांपैकी साधारण 7 टक्केच, या अटीमुळे भारतातली माणसं वर्षानुवर्षं रांगेत कुजतात. मुलं तिथे वाढून एकवीस वर्षांची होतात आणि त्यांचा रांगेतला नंबर जातो. ती अट काढायचं विधेयक 2019 मध्ये खालच्या सभागृहात 365 विरुद्ध 65 मतांनी पास झालं, डिसेंबर 2020 मध्ये सिनेटनेही आपलं वेगळं रूप पास केलं, आणि दोन्हींचा मेळ न बसल्याने बारगळलं. पण दादा, ही मागणी मेरिटची नाहीये रे. जन्माच्या देशावरून माणूस मोजू नका, ही साधी न्यायाची मागणी आहे. तिला मेरिटच्या गाडीला बांधलंस तर त्या गाडीखाली कोण येणार, ते तुझ्या घरातच बसलंय.

काकी. तात्या गेल्यावर 2014 मध्ये तू त्यांना बोलावून घेतलंस. नागरिकाची आई म्हणून, म्हणजे साखळीनेच. वयाचे शून्य. शिक्षण चौथी, शून्य. इंग्रजी 'थँक्यू' आणि 'नो शुगर'. पगार नाही. वहिनी एम.एस्सी. असून व्हिसात बसत नाही म्हणून सुरुवातीची वर्षं घरी बसली होती. ती आता निर्धास्त नोकरीवर जाते, कारण तुझ्या दोन्ही मुली काकींनी वाढवल्या, आणि त्या मुली अजून मराठी बोलतात तेही त्यांच्यामुळेच.

तेव्हा सिनेटरला पत्र लिहायचं असेल तर जरूर लिही, ती 7 टक्क्यांची अट काढा म्हणून लिही, मीही मजकूर बघून देते. फक्त त्या कोष्टकाच्या बाजूने सही करताना शेजारच्या खोलीत काकी झोपल्यात का जाग्या आहेत, तेवढं बघून घे.