भिवंडीचा शायर मराठीत कधी?
प्रगतिशील लेखक संघाची 1949 ची परिषद भिवंडीत, यंत्रमागांच्या गावात भरली, तेव्हा अनेक उर्दू शायरांचे डोळे मॉस्कोकडे लागलेले होते. मॉस्कोचं एक घेण्यासारखं होतंही. सोव्हिएत संघातल्या दागेस्तानचा कवी रसूल गमझातोव याची अवार भाषेतली कविता सरकारी छापखान्यांनी रशियनमध्ये घराघरांत पोचवली. अनुवादक नाउम ग्रेबनेव्हला अवार येत नसे. शब्दशः अनुवादाच्या खर्ड्यावरून त्याने गमझातोवची क्रौंचांवरची कविता रशियनमध्ये बांधली, 1969 मध्ये गायक मार्क बर्नेसने ती गायली आणि सारा देश गहिवरला. सत्तेची आरती ओवाळणाऱ्यांचा नंबर तिथे आधी लागे, हेही खरं. आपल्याकडे उर्दू अकादमी आहे, पुरस्कार आहेत. पण भिवंडीच्या शायराला शेजारच्या कल्याणचा मराठी वाचक ओळखत नाही. सरकारने अकादमीच्या अनुदानातला ठरावीक हिस्सा मराठी अनुवादासाठी राखून ठेवावा.