हास्याची हमाली कोण देणार?

वाशीच्या कृषी उत्पन्न बाजार समितीच्या आवारात, म्हणजे सारी नवी मुंबई ज्याला ‘एपीएमसी मार्केट’ म्हणते तेथे, फुकट असे काही नसते. मध्यरात्र उलटली की नाशिक, पुणे, सातारा येथून भाजीच्या गाड्या येऊ लागतात. माल उतरतो, तोलला जातो, विकला जातो आणि शेवटी शेतकऱ्याच्या हाती जी पट्टी पडते तिच्यावर गाडीभाडे, हमाली, तोलाई, वाराई यांचा हिशेब मांडलेला असतो. त्या आकड्यांविषयी तक्रारी असतात, भांडणे होतात, क्वचित बाजारही बंद राहतो. परंतु गोणी ज्याने पाठीवर घेतली त्याला काहीच द्यायचे नाही, असे मात्र तेथे कोणी म्हणत नाही. तसे म्हणण्याची सोयच उरलेली नाही. अण्णासाहेब पाटलांनी सातारा-पुण्याकडच्या या कष्टकऱ्यांना संघटित केले आणि १९६९ मध्ये माथाडी कायदा झाला. घामाला दाम असतो, ही गोष्ट या बाजाराने लढून शिकलेली आहे.

वीस वर्षे होऊन गेली असतील. कांद्याच्या भावाची बातमी घेण्यासाठी प्रस्तुत लेखक या बाजारात गेला होता. काम आटोपून बाहेर पडताना फाटकाजवळच्या एका हातगाडीवर चित्रपटांच्या व्हीसीडी मांडलेल्या दिसल्या. पन्नास रुपयांना तीन. वरचे छापील चित्र धूसर, नावात अशुद्धलेखन. पण चित्रपट होता ‘अशी ही बनवाबनवी’. घरी मुलांना दाखवावा, म्हणून घेतला. शेजारी चहा पीत उभे असलेले एक प्रौढ माथाडी कामगार तबकडीकडे पाहून म्हणाले, “डुप्लिकेट घेतलीत की, साहेब.” मी सांगितले, “मामा, चित्र दिसल्याशी कारण.” त्यावर ते हसले आणि म्हणाले, “आमी गोणी उचलली की हमाली पडती. ह्या लक्ष्याची हमाली कुणाकडं पडली?”

उत्तर सुचले नाही. सुचण्यासारखे नव्हतेच. बनवाबनवीवरचा चित्रपट बनवाबनवी करूनच घरी नेत असलेला मी एक सुशिक्षित, संस्कारित मराठी मध्यमवर्गीय होतो. तो प्रश्न मी आज येथे मांडतो आहे, आणि तो परक्यांना नव्हे, आपल्याच माणसांना विचारतो आहे.

हास्य क्षुद्र नव्हे

प्रथम एका गैरसमजाचा समाचार घेतला पाहिजे. आपल्या परिवारात असा एक वर्ग आहे की, ज्याला विनोदी मालिका आणि विनोदी चित्रपट हा विषयच चर्चेला अयोग्य वाटतो. राष्ट्रापुढे एवढे गंभीर प्रश्न असताना विनोदाची काय कथा, असे हे सज्जन म्हणतात. विनोदाविषयी समर्थांनी काढलेल्या कठोर उद्गारांचा दाखलाही देतात. परंतु भरतमुनींनी आठ रसांत हास्याला मानाचे स्थान दिले आणि स्मितापासून अतिहसितापर्यंत त्याचे सहा प्रकार बारकाईने वर्णिले, याचा त्यांना विसर पडतो. ज्या संस्कृतीने हसण्याचेही शास्त्र केले, तिचे अभिमानी म्हणवणाऱ्यांनी हास्याला क्षुद्र लेखावे, हे अज्ञान होय.

चिमणराव आणि गुंड्याभाऊ ही अजरामर जोडी निर्माण करणारे चिं. वि. जोशी हे पाली भाषेचे आणि बौद्ध वाङ्मयाचे व्यासंगी पंडित होते. पांडित्य आणि विनोद यांचे वैर असते तर चिमणराव जन्मालाच आला नसता. दूरदर्शनच्या मुंबई केंद्राने १९७० च्या दशकात तो घराघरांत आणला. दिलीप प्रभावळकर चिमणराव आणि बाळ कर्वे गुंड्याभाऊ! ज्या बिऱ्हाडात दूरचित्रवाणी संच असे तेथे सारी चाळ जमे. पुढे २००० च्या दशकाच्या प्रारंभी अल्फा मराठी वाहिनीवर ‘श्रीयुत गंगाधर टिपरे’ आली. आजोबा, मुलगा-सून आणि नातवंडे एका छपराखाली राहतात, एकमेकांवर रुसतात आणि पुन्हा एका पंगतीला बसतात, एवढाच तिचा विषय. एकत्र कुटुंबाची महती सांगणारी आपली शंभर व्याख्याने एका पारड्यात आणि ती मालिका दुसऱ्या पारड्यात ठेवली, तर काटा कोणीकडे झुकेल हे सांगायला तोलणाराची गरज नाही.

आणखी एक उदाहरण मुद्दाम देतो, कारण ते आपल्याला थोडे झोंबणारे आहे. १९३८ मध्ये मास्टर विनायक यांचा ‘ब्रह्मचारी’ आला. लेखन आचार्य अत्रे यांचे. व्याख्यान ऐकून भारावलेला एक तरुण ब्रह्मचर्याची शपथ घेतो आणि पुढे त्याची कशी त्रेधा उडते, याची ती कथा. आदर्शवादाच्या अतिरेकावरचे ते बोचरे विडंबन होते. अत्रे काही आपल्या विचारांचे नव्हेत. तरीही हा चित्रपट पाहून पोट धरून हसलेले आजन्म व्रतस्थ कार्यकर्ते प्रस्तुत लेखकाने पाहिले आहेत. स्वतःवर हसता येणे हे निष्ठा दृढ असल्याचे लक्षण आहे. ज्याची निष्ठा डळमळीत असते त्यालाच विनोदाचे भय वाटते.

तेव्हा प्रश्न हसावे की नाही हा नाही. हसलेच पाहिजे. प्रश्न आहे तो त्या हसण्याची किंमत चुकती करण्याचा.

स्वदेशीचा मुखवटा

‘स्वदेशी’ हा आपल्या जिव्हाळ्याचा शब्द. भारतीय चित्रपट जन्मला तोच मुळी स्वदेशीच्या प्रेरणेतून. दादासाहेब फाळके यांनी विम्याची पॉलिसी तारण ठेवून, घरातील चीजवस्तू विकून १९१३ मध्ये ‘राजा हरिश्चंद्र’ पडद्यावर आणला. भांडवल आपले, कारागीर आपले, कथा आपली, ही त्यांची भूमिका होती. त्याच फाळक्यांच्या वेडावर परेश मोकाशी यांनी ‘हरिश्चंद्राची फॅक्टरी’ हा निखळ विनोदी चित्रपट केला. तो २००९ मध्ये ऑस्करसाठी भारताची प्रवेशिका म्हणून निवडला गेला, याचा आपण अभिमान बाळगला. परंतु ज्या माणसाने स्वदेशी चित्रपटासाठी घरदार पणाला लावले त्याच्यावरचा चित्रपटही आपल्यापैकी कितीजणांनी चोरट्या प्रतीवर पाहिला? ज्याने त्याने आपल्या मनाला विचारावे.

१९७१ चा प्रसंग आठवा. दादा कोंडके यांच्या ‘सोंगाड्या’ला दादरच्या कोहिनूर चित्रपटगृहात जागा नाकारली जात होती. बाळासाहेब ठाकरे यांनी हस्तक्षेप केला, शिवसैनिक रस्त्यावर उतरले आणि एका मराठी विनोदी चित्रपटाला त्याचा पडदा मिळाला. मराठी माणूस आपल्या हास्यासाठी त्या दिवशी लढला. आणि त्याच मराठी माणसाच्या दिवाणखान्यात तीस-पस्तीस वर्षांनी काय दिसले? दादांचे, लक्ष्मीकांत बेर्डे यांचे, अशोक सराफ यांचे चित्रपट. परंतु तबकड्या हातगाडीवरच्या. चित्रपटगृहासाठी मोर्चा काढायचा आणि घरी चोरीचा माल लावायचा, याला कोणते स्वदेशी म्हणावे?

पतंजलींनी यमांमध्ये अस्तेय सांगितले आहे. शेजाऱ्याच्या कुंडीतले फूल न विचारता तोडणेही आपण मुलांना वर्ज्य सांगतो. मग लेखकाने रात्री जागून लिहिलेले संवाद, नटाने झिजवलेला देह, संकलकाने डोळे फोडून केलेले काम न विचारता घरात आणणे, हे अस्तेयात कसे बसते?

सबबींची पट्टी

या प्रश्नावर ज्या सबबी दिल्या जातात, त्यांचीही पट्टी एकदा तपासून घेऊ.

पहिली सबब महागाईची. अधिकृत तबकडी परवडत नाही म्हणून चोरीची घेतो, असे म्हटले जाई. आरंभीच्या काळात त्यात तथ्यही होते. परंतु २००७ च्या सुमारास मोझर बेअर या भारतीय कंपनीने अवघ्या २८ रुपयांत व्हीसीडी आणि ३४ रुपयांत डीव्हीडी बाजारात आणली. दोन वडापाव आणि चहाच्या पैशांत प्रामाणिकपणा उपलब्ध झाला. हातगाड्या बंद पडल्या काय? नाही. पुढे ही कंपनी दिवाळखोरीत गेली आणि २०१८ मध्ये अवसायनात निघाली. ती केवळ चोरीने बुडाली असे म्हणणे असत्य ठरेल. तबकडीचे युगच ओसरले होते आणि कंपनीचे इतर व्यवसायही अंगाशी आले होते. परंतु किंमत हे चोरीचे खरे कारण नव्हते, एवढे त्या २८ रुपयांनी सिद्ध करून ठेवले.

दुसरी सबब नटनट्यांच्या श्रीमंतीची. ‘त्यांना काय कमी आहे?’ हिंदीतील चार-दोन ताऱ्यांकडे पाहून हा न्याय मराठीला लावणे म्हणजे व्यापाऱ्याच्या तिजोरीकडे बोट दाखवून हमालाची मजुरी बुडवणे. मराठी निर्माता हा बहुधा कर्ज काढून चित्रपट करणारा माणूस असतो. त्याच्या मागे प्रकाशयोजना करणारे, रंगभूषा करणारे, सामान वाहणारे शेकडो हात असतात. त्यांची नावे शेवटी झरझर सरकतात आणि तोवर आपण उठलेले असतो.

तिसरी सबब अनुपलब्धतेची. जुन्या गोष्टी विकतच मिळत नाहीत, मग काय करावे? ही तक्रार मात्र खरी आहे आणि ती मान्य केली पाहिजे. फाळक्यांचा १९१३ चा ‘राजा हरिश्चंद्र’ सुद्धा आज संपूर्ण उपलब्ध नाही. दूरदर्शनच्या सुवर्णकाळातील कितीतरी मराठी कार्यक्रम प्रेक्षकांच्या आठवणीत आहेत, हाती नाहीत. हक्क बाळगून बसलेल्यांनी आणि सरकारी यंत्रणांनी हा ठेवा रास्त दरात खुला केला नाही, हा त्यांचा अपराध आहे. त्यासाठी पत्रे लिहा, निवेदने द्या, आवाज उठवा. परंतु काल-परवा प्रदर्शित झालेला चित्रपट आज भ्रमणध्वनीवर उतरवून घेणाऱ्याने ही सबब सांगू नये.

चौथी सबब गरिबांच्या नावाने सांगितली जाते. तिचे उत्तर एपीएमसीच्या फाटकावरच्या त्या मामांनी केव्हाच दिले आहे. श्रमाचे मोल गरिबाला शिकवावे लागत नाही. ते त्याच्या मणक्याला ठाऊक असते. शिकवावे लागते ते आपल्याला.

हा पैसा जातो कुठे?

आता त्या पन्नास रुपयांचा माग काढू. रँड कॉर्पोरेशन या अमेरिकेतील संशोधन संस्थेने २००९ मध्ये चित्रपटांची चोरी, संघटित गुन्हेगारी आणि दहशतवाद यांच्या संबंधांवर अहवाल प्रसिद्ध केला. दाऊद टोळीने कराचीतून चोरट्या प्रतींच्या धंद्यात पाय रोवल्याचे त्यात म्हटले होते. या अभ्यासाला चित्रपट उद्योगाचे अर्थसाह्य होते, हे सांगणे प्रामाणिकपणाचे आहे. तरीही त्यातील तपशील दुर्लक्षिण्याजोगा नाही. त्याच वर्षी महाराष्ट्राने ‘एमपीडीए’ या स्थानबद्धतेच्या कायद्यात झोपडपट्टीदादा आणि हातभट्टीवाले यांच्या पंक्तीला चित्रफितींची चोरी करणाऱ्यांनाही बसवले. शासनाला हा धंदा किती गंभीर वाटत होता, हे त्यावरून दिसते.

१२ मार्च १९९३ रोजी मुंबई हादरली, तेव्हा शेअर बाजाराप्रमाणेच मशीद बंदरजवळील काथा बाजारातही स्फोट झाला होता. घाऊक धान्याच्या व्यापाराचे ते जुने माहेरघर. आज एपीएमसीत गोण्या वाहणाऱ्या आणि गाळे चालवणाऱ्या कितीतरी कुटुंबांच्या आठवणी त्या गल्ल्यांशी जोडलेल्या आहेत. प्रत्येक हातगाडीवाला कराचीचा हस्तक होता, असे म्हणणे मूर्खपणाचे आणि अन्यायाचे होईल. तो बिचारा पोटासाठी उभा होता. परंतु त्याच्या मागची साखळी कोठवर जाते हे न विचारता आपण नोटा पुढे करत राहिलो. देशभक्तीची गीते गाणाऱ्या हातांनी एवढी चौकशी तरी करायला हवी होती.

हातगाडी गेली, सवय उरली

आज ती हातगाडी दिसत नाही. तबकड्या गेल्या, त्या लावायची यंत्रे भंगारात गेली. सवय मात्र गेली नाही. आता दुवा येतो, तोही बहुधा आपल्याच कुटुंबाच्या किंवा परिचितांच्या गटात. ‘नवीन मराठी सिनेमा, लवकर पाहा, नंतर काढून टाकतील’ असा मजकूर आणि खाली हात जोडल्याचे चिन्ह! २०२३ मध्ये चलच्चित्र कायद्यात दुरुस्ती झाली. विनापरवाना चित्रण व प्रसारण करणाऱ्यास किमान तीन महिने कारावास आणि किमान तीन लाख रुपये दंड, अशी तरतूद आहे. परंतु पोलीस प्रत्येक घराच्या सोफ्यामागे उभा राहू शकत नाही. तेथे संस्कारच उभा राहावा लागतो.

आणि या फुकटेपणाने आणखी एक गोष्ट हिरावून नेली. विकत आणलेली तबकडी सारे घर एकत्र बसून पाहत असे. आजी पुढचा विनोद आधीच सांगून टाकी, मुले ओरडत, आणि तरीही सारे पुन्हा हसत. आता आलेला दुवा प्रत्येकजण आपापल्या कोपऱ्यात, कानात बोंडे घालून, अर्धवट पाहतो. ज्याची किंमत मोजली नाही त्याची कदरही उरत नाही, हा बाजाराचा नियम येथेही खरा ठरतो.

कुटुंब प्रबोधनाच्या बैठकांतून आपण आठवड्यातून एकदा एकत्र भोजन, एकत्र भजन यांचा आग्रह धरतो. त्याला एकत्र हास्याची जोड द्यावी, असे सुचवावेसे वाटते. महिन्यातून एक मराठी विनोदी चित्रपट निवडावा. रीतसर पैसे भरून घ्यावा किंवा सारे मिळून चित्रपटगृहात जावे. भ्रमणध्वनी दूर ठेवावेत आणि शेवटची नावे संपेपर्यंत उठू नये. गटात चोरीचा दुवा आला तर तो पुढे न पाठवता पाठवणाऱ्याला, मग ते वडीलधारे असोत वा अधिकारी, नम्रपणे सांगावे की काका, ही गोणी कोणीतरी वाहिली आहे.

ती व्हीसीडी माझ्या घरी फारशी चाललीच नाही. मध्यंतरानंतर चित्र अडकू लागले. पुढे अधिकृत प्रत विकत आणली आणि मुले पोटभर हसली. परंतु त्या मामांची गाठ पुन्हा पडली नाही. पडली असती तर सांगितले असते, “उशिरा का होईना, हमाली चुकती केली.”