म्हैस विकू नका, आधी हात तयार करा



आज कळंब्याच्या एका घरातली गोष्ट सांगायची आहे. कळंबा म्हणजे कोल्हापूरच्या दक्षिणेचे तळ्याचे गाव. या तळ्याचे पाणी शहराने वर्षानुवर्षे प्यायले. आता शहरच सरकत सरकत गावाच्या अंगणात येऊन बसले आहे. तरीही ऊस आणि गोठा राखून असलेली घरे तिथे अजून आहेत. त्यांतल्याच एका घरात मी चहाला बसलो होतो. दोन म्हशी, अडीच एकर ऊस आणि बी.ए. झालेली मुलगी असे ते घर.

मुलीचे वडील म्हणाले, "पोरगी शिवाजी विद्यापीठाची पदवी घेऊन बसल्या, आणि आता फोटोग्राफर होणार म्हणत्या. कॅमेऱ्याला लाख-सव्वा लाख पडत्यात. एक म्हस इकावी का काय?"

आई चुलीपाशी होती. तिने वळून एवढेच विचारले, "कॅमेरा येईल वो. पण परगावच्या लग्नातनं रात्री हिला घरी कोण आणणार?"

मुलगी खाली मान घालून गप्प बसली होती. मंडळी, असा प्रसंग आज पुष्कळ घरांत येतो आहे. म्हणून त्या दिवशी जे बोलणे झाले ते सगळ्यांसाठीच लिहितो.

पहिली गोष्ट पदवीची. पदवी वाया जात नाही. बोलणे, लिहिणे, हिशेब यांत ती जन्मभर उपयोगी पडते. पण छायाचित्राच्या धंद्यात दारात उभे राहिल्यावर कुणी गुणपत्रिका मागत नाही. "तुझे काम दाखव," एवढेच म्हणतात. तेव्हा पहिली नोकरी शोधण्याआधी निवडून काढलेले वीस फोटो हाताशी हवेत. दोनशे नकोत. पाच माणसांच्या चेहऱ्यांचे, पाच कामाचे, पाच समारंभाचे आणि पाच वस्तूंचे, असे वीस पुरेत.

हे वीस फोटो काढायला लाखाचा कॅमेरा लागत नाही. पाहुण्यांकडचा जुना कॅमेरा मागून आणा, नाहीतर शहरात दिवसाच्या भाड्याने मिळतो तो घ्या. तोवर हातातल्या मोबाइलवर नजर तयार करा. आजीला उंबऱ्याच्या आत बसवा आणि दारातून येणारा उजेड तिच्या गालावर पडू द्या. आता तिलाच उन्हाकडे पाठ करून बसवा. चेहरा काळा पडेल. तो का पडला हे ज्याला उमगले, त्याचा पहिला धडा झाला. मग गुऱ्हाळावर जा. आत अंधार, चुलाणाचा जाळ आणि काहिलीवरची वाफ, हे सगळे एका फोटोत धरणे मोठी परीक्षा आहे. तालमीत जाऊन कुस्ती टिपा. डाव पडतो तो क्षण पकडायचा तर कॅमेऱ्याचा पडदा सेकंदाच्या पाचशेव्या भागाएवढा वेळच उघडला पाहिजे, नाहीतर पैलवानाचे हातपाय पुसट येतात. सकाळी तळ्यावर जा, पण कळंब्याच्या कारागृहाकडे परवानगीशिवाय कॅमेरा रोखू नका.

दुसरी गोष्ट पहिल्या कामाची. पहिले काम बहुधा कुणाच्या तरी हाताखालीच मिळते, आणि त्यात कमीपणा नाही. याला कोल्हापूरइतका चांगला साक्षीदार दुसरा नाही. बाबूराव पेंटर आणि त्यांचे नात्यातले बंधू आनंदराव नाटकांचे पडदे रंगवीत. चलच्चित्राचा कॅमेरा इथेच घडवायचा ध्यास दोघांनी घेतला. आनंदराव 1916 साली वारले, तरी बाबूरावांनी कॅमेरा पुरा केला आणि महाराष्ट्र फिल्म कंपनीतून 1920 साली 'सैरंध्री' पडद्यावर आणला. खरी कॉर्नरला कॅमेऱ्याचा जो स्तंभ दिसतो तो या कामाची आठवण आहे. त्या कंपनीत व्ही. शांताराम नावाचा तरुण पोरगा पडेल ते काम करीत शिकला. दामले, फत्तेलाल हेही तिथेच तयार झाले. याच मंडळींनी पुढे 1929 साली कोल्हापुरात प्रभात कंपनी काढली आणि 1933 साली ती पुण्याला नेली. पुण्यात आज जी फिल्म इन्स्टिट्यूट आहे, ती प्रभातच्याच जागेवर 1960 साली सुरू झाली. सांगायचे एवढेच की हे सगळे उमेदवारी करून मोठे झाले.

आता उमेदवारी करायची कुठे? जिल्ह्याच्या गावातले जुने स्टुडिओ आहेत. लग्नाचे काम घेणाऱ्यांच्या तुकडीत दुसरा कॅमेरा धरायला माणूस लागतो. अल्बम जुळवायला आणि संगणकावर फोटो नीट करायला लागतो. शाळा-महाविद्यालयांची ओळखपत्रे आणि स्नेहसंमेलने असतात. वर्तमानपत्रे तालुक्यातल्या माणसाकडून फोटोमागे पैसे देऊन फोटो घेतात. सरकारी खात्यांतही छायाचित्रकाराच्या जागा निघतात. त्या थोड्या असतात, पण जाहिरातींवर नजर ठेवावी. आणि एक नवे काम वाढते आहे. कोल्हापुरी चप्पल, हुपरीची चांदी, आपला गूळ हे सगळे आता मोबाइलवरून विकले जाते. गिऱ्हाईक माल हातात घेऊन पाहू शकत नाही, ते फोटो पाहूनच पैसे मोजते. चांगला फोटो काढून देणारा अशा व्यापाऱ्याला हवाच असतो. हे काम दिवसाउजेडी, एका जागी बसून होते. आईच्या प्रश्नाचे अर्धे उत्तर इथेच मिळाले.

उरलेले अर्धे उत्तर असे. हळद, डोहाळजेवण, बारसे या बायकांच्या कार्यक्रमांत बाईमाणूस कॅमेरा घेऊन आली तर घरच्या बायका मोकळेपणी बसतात. तेव्हा मुलगी असणे ही या धंद्यात अडचण नाही, उलट तिला चार कामे जास्त मिळतात. फक्त कामाला हो म्हणण्याआधी रात्रीच्या परतीची सोय ठरवून घ्यावी. मालकाची गाडी घरापर्यंत सोडणार का, तुकडीत आणखी कुणी बाई आहे का, हे विचारायला लाजू नये. जो मालक या प्रश्नाला वैतागतो, त्याच्याकडे जाऊच नये.

होमाई व्यारावाला यांचे नाव काहींनी ऐकले असेल. त्या आपल्या देशाच्या पहिल्या महिला वृत्तछायाचित्रकार. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत शिकत असताना त्यांनी एका सहलीचे फोटो काढले आणि ते 'बॉम्बे क्रॉनिकल'ने छापले. फोटोमागे एक रुपया मिळाला. सुरुवातीला त्यांचे फोटो पती माणेकशा यांच्या नावाने छापले जात. 1942 साली त्या दिल्लीला गेल्या, आणि स्वातंत्र्याच्या वेळची कितीतरी दृश्ये आज आपण पाहतो ती त्यांच्या कॅमेऱ्यातून. 2011 साली सरकारने त्यांना पद्मविभूषण दिले. सुरुवात मात्र एक रुपयाची होती.

तिसरी गोष्ट व्यवहाराची, आणि इथेच पोरे फसतात. 'शिकायला मिळतंय ना' म्हणून महिनोन् महिने फुकट राबवून घेणारे भेटतात. शिकण्याची मुदत आधीच ठरवा, दोन महिने म्हणा किंवा तीन. त्यानंतर रोज किती, प्रवासखर्च कुणाचा, पैसे कार्यक्रमानंतर किती दिवसांत, हे कागदावर लिहून घ्या. नोकरी लावण्यासाठी आधीच अनामत मागणाऱ्याला लांबूनच नमस्कार करा.

फोटो कुणाचा, हेही समजून घ्या. आपल्या 1957 च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे पगारी नोकरीत कामाचा भाग म्हणून काढलेल्या फोटोचा हक्क, वेगळे ठरले नसेल तर, मालकाकडे जातो. पैसे देऊन कुणी फोटो काढून घेतला तर हक्क त्या गिऱ्हाइकाचा. म्हणून आपले काम म्हणून चार फोटो पुढे दाखवायचे असतील तर तशी लेखी परवानगी आधीच घ्यावी. लग्नघरातल्या लेकीबाळींचे फोटो न विचारता मोबाइलवर सगळीकडे फिरवणे तर चुकीचेच. ड्रोनचा मोहही आवरा. 2021 चे ड्रोन नियम आहेत, धंद्यासाठी उडवायला बहुतेक ड्रोनना प्रमाणपत्र लागते, आणि उजळाईवाडीच्या विमानतळाच्या आसपास तर निर्बंध आहेतच.

आणखी एक सवय पहिल्या दिवसापासून लावून घ्यावी. कार्यक्रम झाला की त्याच रात्री सगळे फोटो दोन वेगळ्या जागी उतरवून ठेवायचे. सालगड्याने चूक केली तर पुढच्या हंगामात पेरणी करता येते. लग्न पुन्हा लावता येत नाही.

चौथी गोष्ट आपल्याला शिकवायला नको. हा धंदाही हंगामाचाच आहे. तुळशीच्या लग्नानंतर मुहूर्त सुरू होतात, उन्हाळ्यात जोर धरतात आणि पावसाळ्याच्या तोंडावर थांबतात. चातुर्मासात हात रिकामे. उसाचे बिल आले की वर्षाचा हिशेब मांडणाऱ्या घराला हे समजते. तसेच इथेही लग्नसराईच्या पैशांतले चार महिन्यांचे बाजूला काढावे. रिकाम्या दिवसांत वस्तूंचे फोटो, शाळांची कामे आणि घरची शेती आहेच.

मग कॅमेरा कधी घ्यायचा? एक हंगाम दुसऱ्याच्या कॅमेऱ्यावर काढून झाल्यावर. तोवर आपल्याला काय जमते आणि कशाला गिऱ्हाईक आहे हे कळते. तेव्हा थोडी शिल्लक जमली असेल, जुना पण चांगला कॅमेरा पारखता येईल, आणि कमी पडले तर बँकेत मुद्रा योजनेची चौकशी करता येईल. मात्र ते कर्जच आहे, फेडावे लागते, हे ध्यानात ठेवा.

एवढे बोलणे झाल्यावर वडिलांनी मुलीला विचारले, "वीस फोटो किती दिसांत काढशील?" ती म्हणाली, "पंधरा दिवस द्या." आई म्हणाली, "मग पहिला ह्या म्हशीचाच काढ. तेवढीच ऱ्हायली म्हणून."

घरोघरी असे बोलणे व्हावे. मुलगा असो वा मुलगी, कॅमेरा मागितला म्हणून रागावू नका, आणि मागितला म्हणून गोठाही रिकामा करू नका. आधी पंधरा दिवस द्या, वीस फोटो मागा, आणि ते सगळ्यांनी मिळून दिव्याखाली बसून नीट पाहा.