आजीपेक्षा लहान ओल्ड टाउन

वॉर्साचं ओल्ड टाउन माझ्या आजीपेक्षा वयाने लहान आहे. जोक नाही! आजी १९३८ची. आणि ते खेटून उभे असलेले रंगीत वाडे, नक्षीदार दारं, फरसबंदीचा चौक हे सगळं दुसऱ्या महायुद्धानंतरचं. १९४४चा उठाव चिरडल्यावर जर्मन सैन्याने शहर पद्धतशीर उद्ध्वस्त केलं. मग पोलिश मंडळींनी काय करावं? अठराव्या शतकात बेलोत्तो या चित्रकाराने रंगवलेली शहराची चित्रं, जुने नकाशे, युद्धात लपवून वाचवलेली मोजमापं बाहेर काढली आणि सगळं पुन्हा बांधलं. १९८० मध्ये युनेस्कोने त्याला जागतिक वारसा ठरवलं. झेरॉक्सवर असा शिक्का मिळायला नशीब नव्हे, जिगर लागते बॉस!

आम्ही ऑफिसातले चौघं. दहा दिवसांच्या रजेसाठी दोन महिने गुणी बाळासारखे वागलो. पॅरिस सोडून पोलंड म्हटल्यावर आईचा पहिला प्रश्न, 'तिथे खायला काय मिळतं गं?' पिएरोगी! उकडलेली करंजीच समजा. आत बटाटा आणि चीज, वर परतलेला कांदा. 'बार म्लेच्नी' या नावावर जाऊ नका. तो बार नव्हे, कम्युनिस्ट काळात फोफावलेली स्वस्त खाणावळ. खिशाला परवडते आणि पोटही भरते.

वॉर्सात आणखी एक सरप्राइज आहे, कोल्हापूरच्या नावाचं स्मारक! सायबेरियाच्या हद्दपारीतून सुटलेल्या सुमारे पाच हजार पोलिश निर्वासितांना १९४३ ते १९४८ कोल्हापूरजवळच्या वळिवड्यात आसरा मिळाला होता. परक्या शहरात 'कोल्हापूर' दिसल्यावर आमच्यातल्या एकमेव कोल्हापूरकराची छाती जी फुगली, ती क्राकुफ येईपर्यंत उतरली नाही.

क्राकुफ मात्र खरंखुरं म्हातारं. युद्धातून बऱ्यापैकी सहीसलामत सुटलेलं. १२५७ मध्ये आखलेला तिथला चौक प्रत्येक बाजूने सुमारे दोनशे मीटर. सेंट मेरी चर्चच्या मनोऱ्यातून दर तासाला तुतारी वाजते आणि सूर मध्येच तुटतो. दंतकथा अशी, की हल्ल्याची खबर देणाऱ्या पहारेकऱ्याच्या गळ्यात बाण घुसला, म्हणून धून तिथेच थांबते. रात्री तीनलाही वाजते हं! वावेल टेकडीखाली धातूचा ड्रॅगन आहे, तो अधूनमधून खराखुरा जाळ फुंकतो. अप्रेझलच्या महिन्यातला आमचा मॅनेजर आठवला.

तिसरा स्टॉप व्रोत्स्वाफ. १९४५ पर्यंत हे जर्मन 'ब्रेस्लाउ' होतं. तेही युद्धात मोडलं, आणि त्याच्या ढिगाऱ्यातल्या विटा रेल्वेने वॉर्सा बांधायला गेल्या. आज तिथे गल्लोगल्ली गुडघ्याएवढे ब्राँझचे बुटके भेटतात. कुणी झोपलेला, कुणी एटीएमपाशी. क्यूट वाटतात ना? पण त्यांचे पूर्वज बंडखोर! १९८०च्या दशकात भिंतींवरच्या सरकारविरोधी घोषणांवर पोलीस रंग फासायचे. त्या डागांवर 'ऑरेंज ऑल्टरनेटिव्ह'ची पोरं बुटके काढायची. बुटक्याला अटक करणार कशी? सरकारचंच हसं!

परतीच्या विमानात डोक्यात एकच किडा वळवळत होता. ज्यांचं सगळं गेलं, त्यांनी विटा वेचून जुनं शहर उभं केलं. आपल्याकडे बॉम्ब नाही, रणगाडा नाही, तरी वाडे पडतात आणि त्या जागी उभ्या राहिलेल्या टॉवरला नाव मिळतं 'वाडा रेसिडेन्सी'. गळकं छप्पर आणि सामाईक संडास यांवर उमाळे काढणं सोपं आहे, तिथे राहणं नाही, हेही मान्य. सगळंच वाचणार नाही. पण वॉर्सा परत उभं राहू शकलं, कारण कुणीतरी ते आधी काढून ठेवलं होतं, मोजून ठेवलं होतं.

तुमच्या मोबाइलमध्ये पाचशे सेल्फी असतील. त्यात आजोळच्या दाराचा एखादा फोटो आहे?