भाडे आणि दुरुस्ती

महाराष्ट्रातल्या शहरांत भाड्याने मिळणारी बहुतेक घरे सामान्य माणसांच्या मालकीची आहेत. निवृत्तीच्या रकमेतून वारज्यात घेतलेला वन बीएचके, आईवडिलांच्या पश्चात रिकामा पडलेला डोंबिवलीतला फ्लॅट, नाशिकच्या बंगल्याचा वरचा मजला. असे एकदोन घरांचे मालक स्वतःला व्यावसायिक समजत नाहीत. महिन्याच्या पाच तारखेला खात्यात पैसे जमा झाले की आपले काम संपले, अशी त्यांची धारणा असते. भाड्यातला एक वाटा घराचा असतो, हे त्यात विसरले जाते. तो वाटा घरावर खर्च झाला नाही, तर आधी भाडेकरूशी संबंध बिघडतात आणि मग घर.

मुंबईने याचा अनुभव मोठी किंमत मोजून घेतला आहे. १९४७च्या भाडे नियंत्रण कायद्याने भाडी गोठवली. मुंबईत १ सप्टेंबर १९४० रोजीचे भाडे प्रमाण धरले गेले. टंचाईच्या काळात भाडेकरूला संरक्षण हवेच होते, पण भाडे गोठले तरी गवंड्याची मजुरी, सिमेंट आणि लाकूड यांचे भाव वाढतच राहिले. गिरगाव, लालबाग, परळमधल्या जुन्या चाळींच्या दुरुस्तीतून मालकांनी अंग काढून घेतले आणि अखेर १९६९ मध्ये कायदा करून सरकारला दुरुस्ती मंडळ नेमावे लागले, इमारतींवर उपकर बसवावा लागला. १९९७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मालपे विश्वनाथ आचार्य खटल्यात गोठवलेल्या भाड्याच्या तरतुदी काळाच्या ओघात अवाजवी झाल्याचे सांगितले. त्यानंतर महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ आला आणि ३१ मार्च २००० पासून लागू झाला. या साऱ्या इतिहासातून मालकांच्या मनात भाडेकरू घर बळकावेल ही भीती तेवढी उरली. भाडे आणि दुरुस्ती यांची फारकत झाली की इमारत पडते, हे मात्र कोणी लक्षात ठेवले नाही.

त्या भीतीपायी अनेक जण घर कुलूपबंद ठेवणे पसंत करतात. २०११च्या जनगणनेत देशाच्या शहरी भागात एक कोटीहून अधिक घरे रिकामी आढळली होती. प्रत्येकामागे भीतीच असेल असे नाही, परंतु ज्यांना ती वाटते त्यांनी कायदा एकदा नीट पाहावा. लीव्ह अँड लायसन्सवर राहण्यासाठी दिलेल्या घराची मुदत संपल्यावर भाडेकरू ते सोडत नसेल, तर कलम २४ नुसार मालक सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करू शकतो. मुदतीनंतरच्या काळासाठी दुपटीने भरपाईचीही तरतूद आहे. लेखी करारनाम्यात जे नमूद आहे, तो तिथे निर्णायक पुरावा धरला जातो. या संरक्षणाचा सगळा भार कागदावर आहे.

आणि कागदाबाबतच हलगर्जी होते. अकरा महिन्यांचा करार नोंदवावा लागत नाही, स्टॅम्प पेपरवर नोटरी केली की पुरे, हा समज अजून घट्ट आहे. महाराष्ट्रात तो चुकीचा आहे. कलम ५५ नुसार मुदत कितीही असो, करार लेखी आणि नोंदणीकृत असलाच पाहिजे, आणि ती जबाबदारी मालकाची आहे. नोंदणी नसेल, तर वेगळे सिद्ध होईपर्यंत अटींबाबत भाडेकरूचे म्हणणे ग्राह्य धरले जाते. शिवाय मालकाला तीन महिन्यांपर्यंत कैद, ५,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. खर्च म्हणाल, तर १८,००० रुपये भाडे, ६०,००० डिपॉझिट आणि २२ महिन्यांच्या करारावर मुद्रांक शुल्क हजार रुपयांच्या आसपास येते, महापालिका हद्दीत नोंदणी फी आणखी हजार. एवढ्यासाठी लाखांचे घर टांगणीला लावण्यात शहाणपण नाही.

नोंदणी झाली तरी एक मोठी पोकळी राहतेच. नळ गळाला, गिझर बंद पडला, बाथरूमच्या भिंतीला ओल आली, तर पैसे कोणी द्यायचे? भाडे नियंत्रण कायद्याचे कलम १४ दुरुस्ती मालकावर टाकते. पंधरा दिवसांची नोटीस देऊनही त्याने केली नाही, तर भाडेकरू स्वतः दुरुस्ती करून वर्षाच्या भाड्याच्या एक चतुर्थांशापर्यंत खर्च वळता करू शकतो. पण हे कलम कायद्याच्या अर्थाने जो ‘भाडेकरू’ आहे त्याच्यासाठी. लायसन्सवर राहणाऱ्याला मुख्यतः करारनाम्याचाच आधार, आणि तिथे ‘किरकोळ दुरुस्ती’ यापलीकडे सहसा काही लिहिलेले नसते. मग किरकोळ कशाला म्हणायचे यावर वाद होतो. केंद्राने २०२१ मध्ये मंजूर केलेल्या आदर्श भाडेकरार कायद्याच्या मसुद्यात याची चांगली वाटणी आहे: संरचनेची दुरुस्ती, रंगकाम, नळजोडांचे पाइप आणि वायरिंग मालकाकडे, नळ, वॉशर, गिझर, स्विच, कुलपे, खिडक्यांच्या काचा भाडेकरूकडे. असा मसुदा राज्यांनी स्वीकारला तरच बंधनकारक होतो, पण त्यातली वाटणी करारनाम्यात लिहून घ्यायला कोणाची परवानगी लागत नाही. गिझरचे मात्र आम्हाला पटत नाही. मालकाने बसवलेला दहा वर्षांचा जुना गिझर बंद पडला, तर नवा आणणे मालकाचेच काम आहे.

देखभालीचा खरा शत्रू पाणी आहे. बाथरूमच्या फरशांतल्या फटी भरायला एक दिवस आणि थोडे पैसे लागतात. त्या तशाच राहिल्या तर पाणी कोब्यात मुरते, खालच्या घराच्या छताचे पोपडे निघतात आणि सळ्या गंजू लागतात. मग फरशी फोडून वॉटरप्रूफिंग करण्यावाचून गत्यंतर नसते. ओल गच्चीतून किंवा सामाईक पाइपमधून येत असेल तर सोसायटीला लेखी कळवायचे. आपल्या न्हाणीतून जात असेल तर खर्च आपला. भाडेकरूने ओल दाखवली की ‘बघू पावसाळ्यानंतर’ म्हणणारा मालक स्वतःचेच नुकसान करतो. आणि ज्या भाडेकरूच्या तक्रारीकडे दोनदा दुर्लक्ष झाले, तो तिसऱ्यांदा सांगत नाही. दूरगावी किंवा परदेशी असलेल्या मालकाने तर जवळ राहणारा एक विश्वासू माणूस आणि ओळखीचा प्लंबर, इलेक्ट्रिशियन ठरवून ठेवलाच पाहिजे. घर दोन भाडेकरूंच्या मध्ये रिकामे असते ते आठ-दहा दिवस सर्वांत मोलाचे. रंग, वायरिंगची तपासणी, विजेच्या गळतीने होणारा धक्का टाळणारा ब्रेकर, हे सगळे तेव्हाच करून घ्यावे.

यासाठी पैसा बाजूला हवा. समजा, साठ लाखांच्या फ्लॅटचे भाडे महिना १८,००० आहे. वर्षाचे २,१६,००० म्हणजे ३.६ टक्के. त्यातून सोसायटीचा मेंटेनन्स, मालमत्ता कर आणि एखादा रिकामा महिना वजा करा. उरलेल्यातून वर्षाला एका महिन्याचे भाडे दुरुस्तीसाठी वेगळे ठेवावे, असे आम्ही सुचवतो. प्राप्तिकर आकारतानाही भाड्याच्या निव्वळ मूल्यातून ३० टक्के सरसकट वजावट मिळते, प्रत्यक्ष खर्च कितीही झाला तरी. सवलत मिळते, पण दुरुस्ती होत नाही, हे योग्य नाही.

माणूस निवडताना नोकरीचा आणि मागच्या घरमालकाचा दाखला पाहावा, पोलिसांकडे माहिती नोंदवावी. जात, धर्म, खाणे किंवा बाई एकटी आहे म्हणून नकार देणे मात्र अन्यायाचे आहे आणि त्यातून भाडे वेळेवर येण्याची हमीही मिळत नाही. सोसायटीला कळवणे हे कर्तव्य आहे. बिगरभोगवटा शुल्क मात्र ऑगस्ट २००१च्या शासन आदेशानुसार महापालिकेचे कर वगळून उरणाऱ्या सेवाशुल्काच्या दहा टक्क्यांहून अधिक घेता येत नाही, हे मालकाला ठाऊक असावे.

सर्वाधिक कटुता येते ती घर सोडताना. डिपॉझिट हे मालकाचे उत्पन्न नाही, परत करायची ठेव आहे. रंगाचे, साफसफाईचे म्हणून सरसकट एका महिन्याचे पैसे कापण्याची प्रथा बंद झाली पाहिजे. वापराने फिका पडलेला रंग ही झीज आहे, फुटलेले बेसिन हे नुकसान. पहिल्याचा खर्च मालकाचा, दुसऱ्याचा भाडेकरूचा, आणि कापलेल्या प्रत्येक रकमेची पावती भाडेकरूला मिळायला हवी. ऑनलाइन नोंदवल्या जाणाऱ्या करारनाम्यात पंखे, दिवे, कपाटांची यादी जोडण्याची सोय आज आहेच. नोंदणी व मुद्रांक विभागाने त्याच नमुन्यात दुरुस्तीच्या वाटणीचे आणि डिपॉझिट परतीच्या मुदतीचे रकाने घालावेत आणि ते भरल्याखेरीज करार पुढे सरकू देऊ नये.