निकाल लागला, पण आपले ऐकले कोणी?

'शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये' ही म्हण आपल्या वस्त्यांत फार ऐकू येते. ज्यांची बाजू पिढ्यान्‌पिढ्या कोणी मांडलीच नाही, त्यांना ती पटावी यात नवल नाही. पण आपण पायरी चढलो नाही तरी सावकार चढतो. तो एकटाच चढला की निकाल बहुधा त्याच्या बाजूने लागतो. मग एके दिवशी बेलीफ दारात उभा राहतो, शेजारीपाजारी जमतात आणि घरातली बाई घाईघाईने भांडी आत ठेवू लागते.

अशा घरांची कहाणी बहुतेक सारखीच असते. समजा, एका सफाई कामगार बंधूने २०१२ साली बहिणीच्या मंगल परिणयासाठी वीस हजार रुपये व्याजाने काढले. कोऱ्या स्टॅम्प पेपरवर सही दिली. दर पगाराला सावकाराचा माणूस गेटवर उभा राही. चार वर्षांत मुद्दलाच्या दुप्पट पैसे गेले, पावती एकही नाही. कागद परत मागितला तर 'शोधून ठेवतो' हे उत्तर. पुढे वस्ती पाडली, बिऱ्हाड हलले. सावकाराने त्याच कागदावर २०१८ सालची तारीख घालून २०२० साली दावा लावला आणि पत्ता दिला जुन्या खोलीचा. समन्स तिथे चिकटवले गेले. प्रतिवादी हजर नाही म्हणून एकतर्फी हुकूमनामा झाला. व्याज आणि खर्च धरून आकडा लाखावर गेला. आता दरखास्त दाखल झाली आहे आणि जप्तीचा कागद नव्या घरी बरोबर पोचला आहे! समन्सच्या वेळी जो पत्ता सापडत नाही, तो जप्तीच्या वेळी कसा सापडतो, हे आम्हाला कधी कळलेले नाही.

या घरात पहिला विचार येतो तो अब्रूचा. 'सावकाराच्या पाया पडू, थोडे देऊ, मिटवून टाकू.' आमचे कळकळीचे सांगणे आहे की आधी दुकानात जाऊ नका, कोर्टात जा. एकतर्फी निकाल म्हणजे आपण खोटे ठरलो असे नाही. आपले ऐकले गेले नाही, एवढाच त्याचा अर्थ. दिवाणी प्रक्रिया संहितेत ऑर्डर ९, नियम १३ याचसाठी आहे. समन्स नीट बजावले नव्हते, किंवा हजर न राहण्यास सबळ कारण होते, हे दाखवले तर त्याच कोर्टाला तो निकाल रद्द करून दावा पुन्हा ऐकावा लागतो.

मात्र मुदत फक्त तीस दिवसांची आहे. ती निकालाच्या तारखेपासून धरतात. समन्स नीट बजावलेच नसेल, तर निकाल कळला त्या दिवसापासून धरतात. म्हणून बेलीफ आला ती तारीख कॅलेंडरवर लिहून ठेवा आणि कागदावर सही करताना खाली तारीख घाला. सही करायला नकार देऊन काही साधत नाही. 'समन्स घेतलेच नाही तर केस चालत नाही' हा आपल्याकडचा फार जुना आणि फार महागात पडणारा गैरसमज आहे. नाकारलेले समन्स कोर्ट बजावलेलेच धरते. तीस दिवस उलटले असतील तर विलंब माफीचा अर्ज सोबत द्यावा लागतो आणि प्रत्येक दिवसाचे कारण सांगण्याची तयारी ठेवावी लागते.

पहिले काम नकलांचे. दाव्याची प्रत, समन्सवरचा बेलीफचा अहवाल, रोजनामा आणि निकाल यांच्या नकलांसाठी अर्ज करा. बेलीफचा अहवाल बारकाईने वाचा. समन्स कोणत्या दारावर चिकटवले, साक्षीदार कोण, तारीख कोणती? त्या तारखेला आपण दुसरीकडे राहत होतो याचा पुरावा, म्हणजे रेशनकार्ड, वीजबिल, मुलांच्या शाळेचा दाखला, जोडा. स्टॅम्प पेपरची मागची बाजूही पाहा. विक्रीची तारीख तिथे असते. २०१२ साली विकलेल्या कागदावर २०१८ चा व्यवहार का लिहिला, याचे उत्तर सावकाराने द्यायचे आहे. उसन्या पैशाच्या दाव्याला साधारण तीन वर्षांची मुदत असते. कर्जदाराच्या सहीची लेखी कबुली किंवा त्याच्या सहीने नोंदलेला हप्ता त्या मुदतीत नसेल, तर दावा मुदतबाह्य होतो. आणि सावकारीचा धंदा करणाऱ्याकडे कर्ज दिले तेव्हा परवाना होता का, हेही विचारा. १९४६ च्या जुन्या कायद्यात आणि महाराष्ट्राच्या २०१४ च्या सावकारी कायद्यातही विनापरवाना सावकाराच्या दाव्याला आडकाठी आहे. परवान्याची चौकशी तालुक्याच्या सहायक निबंधकांकडे होते.

निकाल रद्द करण्याचा अर्ज दिला म्हणजे जप्ती आपोआप थांबली असे नाही. स्थगितीचा अर्ज वेगळा द्यावा लागतो. कोर्ट काही रक्कम भरायला सांगू शकते, तेव्हा ती शक्यता धरून चाला.

वकिलाचे पैसे कुठून आणायचे? विधी सेवा प्राधिकरण कायदा १९८७ चा आहे. त्याच्या कलम १२ प्रमाणे अनुसूचित जातीच्या व्यक्तीला, कोणत्याही स्त्रीला आणि औद्योगिक कामगाराला मोफत वकील मिळतो. त्यांना उत्पन्नाची अट नाही. बौद्धांना केंद्राच्या यादीत अनुसूचित जातीचा दर्जा १९९० साली मिळाला. जातीचा दाखला नोकरी आणि शिष्यवृत्तीसाठी आपण जपतो, तो इथेही काढा. तालुका कोर्टाच्या आवारात विधी सेवा समिती असते. साध्या कागदावर अर्ज चालतो, १५१०० या क्रमांकावरही माहिती मिळते. बाबासाहेबांनी १९२३ साली मुंबईत वकिली सुरू केली. त्यांच्या लेकरांनी कोर्टाच्या आवारात चोरासारखे उभे राहू नये.

भगिनींसाठी थोडे अधिक. पैशाच्या हुकूमनाम्यात स्त्रीला अटक करता येत नाही. गरिबीमुळे पैसे देता आले नाहीत एवढ्यावरून पुरुषालाही तुरुंगात टाकता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने १९८० साली सांगितले. स्वयंपाकाची भांडी, अंगावरचे कपडे, अंथरूण-पांघरूण, कारागिराची हत्यारे जप्त होत नाहीत. मजुराची आणि घरकामाला जाणाऱ्या बाईची मजुरी जप्त होत नाही, ते स्वतः राहतात ते त्यांच्या मालकीचे घरही नाही. पगारदाराचे पहिले एक हजार आणि उरलेल्याचे दोन तृतीयांश सुरक्षित असतात. म्हणजे सोळा हजार पगार असेल तर जास्तीत जास्त पाच हजार कापले जातील, आणि त्याच हुकूमनाम्यासाठी एकूण चोवीस महिन्यांपेक्षा जास्त नाही. धनी वारले असतील तर त्यांची मिळकत जेवढी आपल्या हाती आली तेवढ्यापुरतीच आपली जबाबदारी. मुलाने स्वतःच्या कमाईतून ते कर्ज फेडलेच पाहिजे, असे कायदा म्हणत नाही.

खरे कर्ज बुडवा, असे आम्ही सांगत नाही. भगवंतांनी अनाथपिंडिकाला गृहस्थाची चार सुखे सांगितली, त्यात ऋण नसण्याचे सुख आहे. देणे खरे असेल आणि तडजोड करायची असेल, तर पैसे दुकानात देऊ नका. हुकूमनाम्यानंतर कोर्टाबाहेर दिलेली रक्कम कोर्टात नोंदली गेली नाही, तर दरखास्तीत ती धरली जात नाही आणि तेच पैसे दुसऱ्यांदा वसूल होतात. ही नोंद सावकार करणार नसेल, तर आपण तीस दिवसांत अर्ज करायचा असतो. लोकअदालतीत मिटवणार असाल तर आकडा आधी घरी दोनदा वाचून घ्या. तिथल्या निवाड्यावर अपील नसते.

पतपेढीच्या कर्जाला जामीन राहिलेल्या बंधूंचा प्रश्न वेगळा आहे. त्यांच्याकडे येतो तो वसुली दाखला. तो दिवाणी कोर्टाचा नसून सहकार निबंधकांचा असतो आणि वरचा तीस दिवसांचा मार्ग त्याला लागू नाही. त्याविषयी पुढील अंकी.